मोबाइलच्या खोक्यावर अपडेटची मुदत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँड्रॉइड घ्यावा की आयफोन, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे बहुधा कॅमेरा, रॅम आणि किंमत पाहूनच लावला जातो. लातूर जिल्ह्यातील एका गावात मी ऑनलाइन कामांचे केंद्र चालवतो आणि रोज शेतकऱ्यांचे, पेन्शनधारकांचे व विद्यार्थ्यांचे फोन हाताळतो. फोन ऐन कामाच्या वेळी साथ देतो का आणि त्याला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे पाहिल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. शेतात उभे राहून लोकेशन चालू करायचे, सोयाबीनचा किंवा तुरीचा फोटो काढायचा आणि तो अपलोड करायचा, एवढे हे काम. पण ३२ जीबीच्या स्वस्त अँड्रॉइड फोनमधली बरीच जागा सिस्टीमने आणि कंपनीने आधीच भरलेल्या, काढता न येणाऱ्या ॲप्सनी व्यापलेली असते. अशा फोनवर नेमका फोटो काढतानाच ‘स्टोरेज भरले आहे’ अशी सूचना येते, आणि मुदत संपत आलेली असेल तर शेतकरी शेजाऱ्याचा फोन मागत फिरतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ॲप उघडल्याशिवाय संदेश दिसत नाहीत. अँड्रॉइडचा गाभा गूगलचा असला तरी प्रत्येक कंपनी त्यावर वन यूआय, हायपरओएस, कलरओएस असा आपापला थर चढवते, आणि बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप्स किती कडकपणे बंद करायची, हे त्या थरावर ठरते. त्यामुळे एकाच आवृत्तीचे दोन फोन निरनिराळे वागतात. आयफोनचे यंत्र आणि सिस्टीम एकाच कंपनीची असल्याने तिथे हा फरक पडत नाही. मात्र तालुक्याच्या बाजारात होणारी दुरुस्ती आणि खिशाला परवडणारी किंमत पाहता आमच्या भागासाठी अँड्रॉइडच व्यवहार्य आहे, हेही मान्य करावे लागेल. उन्हाच्या बाबतीत दोघांनाही दोष देता येत नाही. ॲपल स्वतःच ० ते ३५ अंश तापमानात फोन वापरण्यास सांगते, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो.

खरी अडचण अपडेटची आहे. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा अपडेट मिळाले होते. अँड्रॉइडमध्ये पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ या मालिकांपासून ७ वर्षांची हमी मिळू लागली, पण ते महागडे फोन आहेत. दहा-बारा हजारांच्या अनेक फोनचे अपडेट फार लवकर थांबतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दाखवली की लोक चकित होतात. गेल्या दिवाळीत नवा म्हणून घेतलेल्या एका फोनवर त्याच्याही आदल्या वर्षातली तारीख होती. याच फोनवरून यूपीआयने पैसे पाठवले जातात, म्हणून ही बाब किरकोळ नाही. शिवाय सिस्टीम जुनी झाली की ॲप्सही साथ सोडतात. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने आयओएस या आयफोनच्या सिस्टीमच्या १५.१ आधीच्या आवृत्त्यांचा आधार काढून घेतला, तेव्हा तोच आयफोन ५एस बाद झाला.

बियाण्याच्या पिशवीवर आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती पाहूनच शेतकरी माल घेतो. मोबाइलच्या खोक्यावर मात्र अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळतील, हे कुठेही नसते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे अपडेट उपलब्ध ठेवण्याचा नियम लागू केला आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्याच विभागाने आता ही तारीख खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषांत छापणे बंधनकारक करावे.

आपल्या दैनिकातही नव्या मोबाइलची माहिती देताना किमतीशेजारी अपडेटची मुदत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जि. लातूर