पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांच्या नागरिकत्वाच्या फायली कधी हलणार? मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मुख्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी नागपूरचा, जरीपटक्यात लहानाचा मोठा झालो. सिंधमधून लाँग टर्म व्हिसावर आलेली आणि वर्षानुवर्षं इथंच राहणारी कुटुंबं आमचे शेजारी आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि केंद्रानं पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द केले. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा चालूच राहणार असं परराष्ट्र मंत्रालयानं लगेच सांगितलं, पण हे कळेपर्यंत लोकांची झोप उडाली होती, पोरं इथल्या शाळेत शिकतात, मराठी बोलतात, आणि आईबाप विचारत होते की आता आम्ही जायचं कुठं. नागरिकत्वाचा कागद हातात असता तर ही वेळ आलीच नसती.

तो कागद द्यायचा अधिकार इथंच आहे हो. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रानं 7 राज्यांतल्या 16 कलेक्टरांना तो दिला, त्यात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर हे आपले चार. नंतर सीएए म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायदा आला, मार्च 2024 मध्ये नियमही आले, पण तो 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठीच. 2014 नंतर आला असाल तर जुनाच रस्ता, म्हणजे अर्ज, चौकशी, परत तेच कागद मागणं, तोपर्यंत पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपते मग दिल्लीला त्यांच्या हायकमिशनच्या दारात उभं राहायचं, ज्या देशातून जीव मुठीत धरून निघालो त्याच्याच! आणि आईबाप दोघंही परदेशी असतील तर इथं जन्मलेलं मूलही आपोआप भारतीय होत नाही.

चौकशी नको असं मी अजिबात म्हणत नाही. कडक करा, पण तिला मुदत घाला. पोलीस तुमच्या गृहखात्याचे आहेत, त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

फाळणीनंतर सरकारकडं पैसा नव्हता, तरी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत लाखाच्या घरात सिंधी माणसं वसवली, 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, अजूनही तिथले पत्ते कॅम्प नंबरनं सांगतात. तेव्हा जमलं, मग आता काही हजार फायलींना एवढा वेळ का लागावा?

चारही जिल्ह्यांत किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कुठल्या टेबलावर आणि का अडलेत, हे दर महिन्याला जाहीर करा. आणि ज्यांच्या घरात शाळकरी मुलं आहेत त्यांच्या फायली आधी घ्या, दहावीनंतर ॲडमिशनच्या वेळी ह्याच कागदापायी पोरं अडकतात.

आपला,
जरीपटक्यातला एक नागरिक