माती जाळण्याआधी तिच्यात काय आहे ते कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोटे-परशुराम किंवा महाडच्या रासायनिक वसाहतीचा विषय निघाला की हल्ली एक तोडगा हमखास ऐकू येतो : बंद कारखान्याच्या आवारातली खराब माती तिथेच भट्टी लावून जाळून टाकायची. माझा याला सरसकट विरोध नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात टाइम्स बीच गावची डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाने नासलेली माती १९९६-९७ मध्ये जागेवरच जाळली गेली. नंतर भट्टी काढून नेली आणि आज तिथे उद्यान आहे.

पण भट्टीत जळतात ती सॉल्व्हंट, कीटकनाशकं, तेलं. शिसं, क्रोमियम, कॅडमियम जळत नाहीत. ते राखेत नाहीतर धुराच्या धुळीत जातात. पाऱ्याची तर वाफच होते. मातीत क्लोरीनयुक्त रसायनं असली तर धूर ११०० अंशांवर किमान दोन सेकंद राहावा लागतो आणि नंतर झटकन थंड करावा लागतो, नाहीतर डायॉक्सिन नव्याने तयार होतं.

त्यात आपला पाऊस! तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं तिथली चिंब माती भट्टीत घातली तर इंधन आधी पाणी उडवण्यातच खर्ची पडणार आणि तापमान डळमळणार. उकरून ठेवलेला ढीग जूनमध्ये उघडा राहिला तर विष जांभ्यातून झिरपून विहिरीत, नाहीतर वहाळातून खाडीत. जुलै २०२१ चा पूर चिपळूण-महाडने पाहिला आहे. तेव्हा खणणं आणि जाळणं दोन्ही दिवाळीनंतर सुरू होऊन मे महिन्याआधी आटपलं पाहिजे.

‘तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवून द्या’ म्हणणाऱ्यांनी मध्य प्रदेशातलं पिथमपूर आठवावं. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये तिथे नेऊन जाळला. लोक रस्त्यावर उतरले ते पिथमपूरचे, आणि चुना मिसळावा लागल्याने राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त झाली. आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकणं मला तरी पटत नाही. खर्च मात्र ज्याने माती नासवली त्याच्याकडूनच वसूल व्हावा (मालक आता कुठे असतात, ते शोधणं सरकारला अवघड नसावं).

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आधी ठिकठिकाणी खोलवरचे नमुने घेऊन धातूंची वेगळी तपासणी करावी आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. धातू जास्त असलेली माती भट्टीत घालूच नये. राख कुठल्या भरावात जाणार, हेही परवानगी देण्याआधी ग्रामसभेत लेखी सांगावं.

आपला,
एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी