नायजर : धोका दाराशीच उभा होता

पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशातील लष्करी सत्तापालटांवरचा आपला लेख वाचला. गरिबी आणि जिहादी हिंसाचार ही त्यात दिलेली कारणे खरीच. पण अध्यक्षांच्या संरक्षक दलाचा त्यात उल्लेखही नाही, आणि ही उणीव मोठी आहे. १९७४, १९९६, १९९९, २०१० आणि २०२३ अशा पाच यशस्वी उठावांपैकी दोन थेट याच दलाच्या प्रमुखांनी केले. एप्रिल १९९९ मध्ये अध्यक्ष बारे मैनासारा यांना राजधानी नियामेच्या विमानतळावर गोळ्या घातल्या त्या त्यांच्याच रक्षकांनी, आणि सत्ता घेतली दलप्रमुख वांके यांनी.

२०२३ चे उदाहरण तर फारच बोलके आहे. ३१ मार्च २०२१ रोजी, नवनिर्वाचित अध्यक्ष बाझूम यांच्या शपथविधीला दोन दिवस उरले असताना, याच दलाने उठावाचा प्रयत्न मोडून काढला. सव्वादोन वर्षांनी, २६ जुलैला, त्याच दलाने बाझूम यांना निवासस्थानी कोंडले. रणगाडे शहरात आणावे लागले नाहीत, कारण फाटकाच्या आत बंदुका त्यांच्याच होत्या. रात्री सरकारी दूरचित्रवाणीवर एक अधिकारी सत्तापालटाचे निवेदन वाचत होता, भोवती नऊ गणवेशधारी. दुसऱ्या दिवशी लष्कराच्या मुख्यालयाने रक्तपात टाळण्याचे कारण देत उठावाला पाठिंबा दिला. आत अध्यक्ष ओलीस असताना बाहेरून हल्ला कोण करणार?

हा उठाव करणारे दलप्रमुख त्चियानी २०११ पासून त्याच पदावर होते. इतकी वर्षे एकाच हाती राजवाड्याच्या किल्ल्या ठेवणे हीच खरी चूक होती.

– एक वाचक, पुणे