आई-बाबा, यंदा गणपतीला येत नाहीये, पण पत्र पूर्ण वाचा

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवरच सांगणार होते, अगदी जिभेवर आलं होतं, पण बाबांच्या बीपीचा आकडा ऐकला आणि राहिलं. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आई, तू भाजी निवडता निवडता ऐक, आणि शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मला फोन करू नका.

यंदा गणपतीत मी ग्वाल्हेरला येत नाहीये. मी नामिबियाला चाललेय, घोड्यावर बसून वाळवंट पार करायला. पैसे भरलेत, तिकीट काढलंय, सुट्टी मंजूर झालीये. म्हणजे मी परवानगी मागत नाहीये, आणि हे वाक्य लिहिताना हात अडतोय माझा, पण तुम्हाला अंधारात ठेवून जायचं नव्हतं आणि तुमच्या आशीर्वादाशिवाय तर जायचंच नाहीये.

नामिबिया तुम्हाला नवीन नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला कूनोच्या जंगलासाठी आठ चित्ते आले, ते विमान आधी आपल्या ग्वाल्हेरलाच उतरलं होतं आणि तुम्ही दोघं सकाळपासून टीव्हीसमोर बसून मला मिनिटामिनिटाची बातमी देत होतात! ते विमान निघालं होतं विंडहुकहून, तिथेच मी उतरणार. आता आई, तुझ्या मनात काय आलं ते मला इथे बसून कळलंय. चित्ता माणसाला बघून लांब पळतो गं. आमच्या वाटेवर मुख्यतः हरणं, पहाडी झेब्रे आणि शहामृगं. मलेरिया म्हणशील तर तो त्या देशाच्या उत्तरेकडे असतो, आम्ही तिकडे जातच नाही.

बाबा, तुमच्यासाठी वाट सांगते, अटलास काढा. विंडहुकच्या पश्चिमेला खोमासचं पठार आहे, डोंगरच डोंगर आणि कोरड्या नद्यांची पात्रं. ते ओलांडलं की पठार एकदम खाली उतरतं आणि नामिब सुरू होतं, तिथून सपाट खडीचं वाळवंट थेट अटलांटिक समुद्रापर्यंत, स्वाकोपमुंड नावाच्या गावी आम्ही पाण्यात घोडे घालणार. सगळं मिळून सुमारे ४०० किलोमीटर. आपल्या मध्य प्रदेशाच्या अडीचपटीहून मोठा देश आणि माणसं सगळी मिळून तीसेक लाख, त्यामुळे दिवसच्या दिवस कुंपण नाही की घर नाही. समुद्राला लागून वाळवंट कसं, असं मी सहावीत विचारलं होतं तेव्हा तुम्ही आफ्रिकेच्या डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाला होतात, बेंग्वेला, थंड प्रवाह, पाणी थंड म्हणून वर ढग होतात पण पाऊस पडत नाही, नुसतं धुकं आत जातं. त्याच धुक्यातून मी जाणार आहे बाबा. तिथे वेलविचिया म्हणून एक झाड आहे, जन्मभर त्याला दोनच पानं, ती वाढत राहतात आणि वाऱ्याने फाटून चिंध्या होतात, आणि काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. तुमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांना तुम्ही हे सगळं नकाशावर दाखवलंत, त्यातलं कुणीतरी जाऊन बघायला हवं की नाही?

आता सोयींचं. आई, तू हे दोनदा वाच. आम्ही एकटे नाही, वाटाडे जन्मभर त्याच भागात राहिलेले आहेत, आणि सामानाचा ट्रक रोज संध्याकाळी मुक्कामी आमच्या आधी पोचलेला असतो. गादी आहे, जाड स्लीपिंग बॅग आहे, बादलीभर गरम पाणी मिळतं अंगावर घ्यायला, शौचालयाचा वेगळा तंबू असतो. शाकाहारी जेवण आधीच लिहून दिलंय. शिवाय तुझं मेतकूट, लसणाची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन चाललेय, भात तिथे मिळतोच, त्यावर मेतकूट आणि लोणी घातलं की माझं भागतं हे तुला माहितीये. रात्री थंडी असते म्हणून थर्मल घेतलेत. उन्हाचं म्हणशील तर अंगभर बाह्या, तोंडाला रुमाल, डोक्याला हेल्मेट, ते कायम. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलं, पाठीचं डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बस म्हणून सांगितलं (म्हणजे घोड्यावर बस). इन्शुरन्स असा काढलाय की काही झालंच तर विमानाने उचलून दवाखान्यात नेतात.

आणि घोड्याचं. लोकांना वाटतं भरधाव सोडलं की झालं, तसं नसतं. दिवसभराची मजल दुडक्या चालीवर निघते, मध्ये मध्ये कदम, म्हणजे साधं चालणं, आणि उतार आला की आपण खाली उतरायचं, लगाम हातात धरून पायी चालायचं म्हणजे त्याच्या पाठीला आराम. मुक्कामाला पोचल्यावर आधी त्याचं, मग आपलं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करायचा, खोगीर उतरवायचं, खोगिराखाली पाठ कुठे सोलली तर नाही ना ते हाताने चाचपायचं, खुरात खडे अडकलेत का बघायचं, खरारा करायचा, पाणी, चंदी म्हणजे त्याचा दाणा, आणि मग आपला चहा. एक घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, उन्हात त्याहून जास्त, आणि घामातून मीठ जातं म्हणून तेही द्यावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही, पोट बिघडलं तर जिवावर बेततं, म्हणून त्याने पाणी प्यायलं का, लीद नीट झाली का, हे प्रत्येकाने आपापल्या घोड्याचं बघायचं असतं. मला ह्यातलं सगळं येतं आता. इतकी वर्षं दर शनिवारी पहाटे उठून शिकले ते नुसतं मैदानात गोल फिरायला नाही.

का, असं तुम्ही विचाराल. आजोबांच्या गोष्टीतले महादजी शिंद्यांच्या पागेतले आपले पूर्वज वगैरे मी सांगू शकते, पण खरं कारण तुम्ही दोघं आहात. ग्वाल्हेरच्या मेळ्यात जनावरांच्या बाजारात बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे, माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली हा मेळा सुरू केला हे दरवर्षी न चुकता सांगायचे, आणि मग घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला विचारून मला खाली उतरवायचे. आई, तुझा जीव वर-खाली व्हायचा, तरी तूच म्हणायचीस, हात सपाट धर, बोटं वाकवू नकोस, त्याला गूळ घेऊ दे. घोड्याचे ओठ तळहातावर लागले की किती मऊ आणि किती गरम, अजून आठवतं मला. थंडीत त्याच्या नाकातून वाफ निघायची आणि मी ती पकडायला बघायचे. तिथून घरी आल्यावर तू माझे गार पाय तुझ्या पदरात गुंडाळून बसायचीस.

आणि आजारपणाच्या त्या मे महिन्यानंतर मी फोन उशाशी घेऊन झोपते, हेही तुम्हाला माहितीये. रात्री दीडला रॉंग नंबर आला तरी छाती धडधडते. त्याची मला तक्रार नाही, ते माझं कामच आहे आणि मी ते आनंदाने करते. पण ह्या वेळी काही दिवस माझ्याकडे नेटवर्क नसेल, आणि ते मनाला पटवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाबांच्या मागच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, दादा पंधरा दिवस येऊन राहायला तयार झाला, मगच मी पैसे भरले. तुम्ही बरे आहात म्हणून मी जाऊ शकतेय.

तेव्हा आता ऐका. वाटाड्यांकडे सॅटेलाइट फोन आहे, नंबर दादाकडे दिलाय. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. दादाला फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं. पण इथे काही झालं, अगदी पाय मुरगळला तरी, मला कळवायचंच. "तिला कशाला त्रास" असं यंदा कुणी म्हणायचं नाही, रक्तातलं सोडियम बिघडलं त्या वेळी म्हणालात तसं. बाबा, मखर दादा लावेल, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. मूर्ती आणायला महाराज बाड्याच्या बाजारात स्कूटर काढायची नाही, ऑटो करा. ती तळलेली बेडई महिन्यातून एकदा, तीही सकाळी. आई, महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या एकटीने करायच्या नाहीत, समोरच्या काकूंशी बोलणं झालंय माझं, त्या आणि त्यांची सून येणार आहेत, तू खुर्चीत बसून सांगायचं. गुडघ्याचा पट्टा घरातसुद्धा लावायचा. पुरणपोळी तुझ्या हातची चुकतेय ह्याचं मला तुझ्याहून जास्त वाईट वाटतंय, म्हणून दिवाळीत मी चार दिवस आधी येतेय, रजा टाकलीसुद्धा.

रागावला असाल तर रागवा, पण अबोला नको. निघण्याआधीच्या रविवारी व्हिडिओ कॉल करीन तेव्हा दोघांनी समोर बसा, मला नमस्कार करायचाय.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, पांढरी गोळी नाश्त्यानंतर आणि अर्धी गुलाबी रात्री, उलट नाही. डबीवर मी चिठ्ठी चिकटवली होती ती निघाली असेल तर दादाकडून दुसरी लिहून घ्या.