गावांची चित्रं पाठपोट जपा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

माझी सगळी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये गेली. रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्ता वाचायचा, पत्र खणात टाकायचं, पुढचं उचलायचं. त्या नोकरीतच जुन्या चित्रांच्या पोस्टकार्डांचा नाद लागला. पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून, ओळखीच्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकांतून ती जमवत आलो. हे पत्र त्या कार्डांसाठी आहे.

आत्ता माझ्यासमोर एक कार्ड आहे. कापसाच्या गासड्यांची माणसाच्या उंचीपेक्षा मोठी रास. डोक्याला फडकं गुंडाळलेले, उघड्या अंगाचे हमाल. त्यातला एक गासडीला टेकून थेट आपल्याकडे बघतो आहे. खाली इंग्रजीत छापलं आहे, 'कॉटन ग्रीन, मुंबई'. आजचा कोणीही म्हणेल, हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन. पण हे कुलाबा आहे. त्या काळी कापसाचा बाजार कुलाब्याला होता. पुढे तो शिवडीकडे हलला आणि जाताना नावही घेऊन गेला. कार्डावर यातलं एक अक्षर नाही. ते सांगायला जाणता माणूसच लागतो, आणि असे जाणते आता फार उरलेले नाहीत.

आपल्याकडे साधं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आलं, एका पैशाला, म्हणजे पाव आण्याला. चित्रांची कार्डं विसावं शतक उजाडता उजाडता बाजारात आली. मुंबईत क्लिफ्टन कंपनीने काढली, लंडनचे प्रकाशक राफेल टक यांनी काढली. रविवर्मा प्रेसमधूनही कार्डं निघाली. आपले कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीही अशा कार्डांसाठी मुंबईची माणसं रंगवली. घेणारे बहुतेक गोरे अंमलदार, सोल्जर आणि बोटीने आलेले प्रवासी. त्यांना घरी पाठवायला इथली 'नवलाई' हवी असायची.

त्यातून जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेणं ही तेव्हा पैसेवाल्यांची गोष्ट होती. सरदार, वकील, सावकार यांचे फोटो त्यांच्या वाड्यांत टिकले. कातडी पखालीतून पाणी वाहणारा पखाली, धोबी, पाटी घेऊन निघालेली कोळीण, खटारा हाकणारा, रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाची दाढी करणारा न्हावी, यांचा फोटो काढायला कोण पैसे देणार होतं? ते फोटो निघाले ते या कार्डांसाठी. ज्यांचे आजे-पणजे गोदीत, बाजारात, घाटावर राबले, त्यांना त्या कष्टांचं चित्र बघायचं असेल तर बहुतेक वेळा ते इथेच सापडतं.

या कार्डांत खोट आहे, तेही सांगतो. कॅमेऱ्यामागची नजर परकी होती. माणसाचं नाव कधी लिहिलं नाही, नुसतं 'नेटिव्ह टाइप' लिहून मोकळे झाले. पुष्कळदा माणसांना उभं करून, हातात वस्तू देऊन फोटो काढला आहे. रंग तर मुळीच खरे धरून चालू नयेत. पहिल्या महायुद्धापर्यंत बरीच कार्डं जर्मनीत छापून येत, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवणाऱ्याने मुंबईचं लुगडं कधी पाहिलेलं नसायचं. पण पखालीचा पट्टा खांद्यावरून कसा घेतला आहे, ओझ्याखाली चुंबळ कशी बसवली आहे, काम करताना कासोटा कसा खोचला आहे, हे त्या छापणाऱ्याला मनाने रचता येणारं नव्हतं. ते खरं आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कार्डाची पाठ ही चित्राइतकीच महत्त्वाची असते. सुरुवातीच्या कार्डांवर मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीने लिहिलेला दिसतो. मागे उभी रेघ मारून एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता, ही सोय ब्रिटनने १९०२ साली केली आणि मग ती सगळीकडे पसरली. तिकिटावर सातवा एडवर्ड आहे की पाचवा जॉर्ज, यावरून काळ ठरतो. शिक्क्यावरून तारीख आणि गाव कळतं. मुंबई-एडन बोटीवर टपालाची छाननी करणारी सागरी टपाल कचेरी होती, तिचा शिक्का दिसला की ते कार्ड कोणत्या वाटेने गेलं तेही समजतं. चित्रातली खूणही जुळवून बघायची. मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ साली आली. विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली. ट्रामपुढे घोडे असले, तर टपालाचा शिक्का १९१० चा असला तरी फोटो त्याआधीचा.

आणि नेमकी हीच पाठ आपण घालवतो आहोत. तिकिटं जमवणारे कार्डावरून तिकीट सोलून काढतात. त्याबरोबर अर्धा शिक्का जातो, मागे भोक राहतं. अल्बम फोडून एकेक कार्ड वेगळं विकलं जातं, मग एका घराला वर्षभर आलेली पत्रं दहा दिशांना जातात. हॉटेलांच्या भिंतींवर ही चित्रं मोठी करून लावतात, खाली ठोकून दिलेलं साल. एका गावच्या वाचनालयाने असा एक अल्बम रद्दीत घातला. मी पोचलो तेव्हा त्यातली अकरा कार्डं हाती लागली, बाकीची गेली.

मूळ छायाचित्रं तरी कुठे उरली आहेत? राफेल टक यांची लंडनमधली इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. मळवलीचा रविवर्मा प्रेस १९७२ च्या आगीत गेला. चित्रांतले रस्तेही बदलले. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढले. पुष्कळ ठिकाणी जे उरलं आहे ते या साडेपाच इंच पुठ्ठ्यावर.

साहेब, आपल्या खात्याकडे जुने सरकारी कागद जपणारं पुराभिलेख संचालनालय आहे, १८२१ पासूनची परंपरा असलेलं. दर्शनिका विभाग आहे, ज्याने जुनी गॅझेटिअर्स सर्वांसाठी खुली केली. त्या गॅझेटिअरांत गावातले व्यवसाय, बाजार, वस्त्या शब्दांत आहेत, त्यांची चित्रं या कार्डांत आहेत. दोन्ही एकत्र ठेवायला हवीत. कार्डं सरकारने विकत घ्यावीत असं मी म्हणत नाही. घेतली तर भाव चढतील आणि खोटी कार्डं निघतील. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून काही दिवस एक खोली उघडावी. लोकांनी कार्डं आणावीत, समोर बसून दोन्ही बाजू स्कॅन करून घ्याव्यात आणि आपलं कार्ड घेऊन घरी जावं. कायद्याची आडकाठी नाही. छायाचित्राचा हक्क २०१२ पर्यंत प्रकाशनानंतर ६० वर्षं असे, तो या कार्डांच्या बाबतीत त्याआधीच संपला.

नाव देण्याचं काम मात्र कचेरीत बसून करू नये. छापलेली इंग्रजी ओळ तशीच ठेवावी आणि शेजारी मराठीत खरी माहिती लिहावी. त्यासाठी नाशिकच्या घाटाचं कार्ड नाशिकच्या म्हाताऱ्यांना दाखवावं, होडीचं कार्ड कोळीवाड्यात न्यावं. 'नेटिव्ह बोट' असं छापलेलं कार्ड मी वर्सोव्याला एका आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, होडीचा प्रकार सांगितला, शीड कोणत्या वाऱ्याला असं बांधतात तेही सांगितलं. मी ते पेन्सिलीने कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवलं आहे. त्या आजी गेल्या वर्षी वारल्या.

माझ्याकडे चारशेच्या आसपास कार्डं आहेत, गाव आणि सालाप्रमाणे लावलेली. पहिल्या जिल्ह्याची खोली उघडेल त्या दिवशी मी ती सगळी घेऊन येईन, आणि शिक्के वाचायला माणूस हवा असेल तर रोज येऊन बसेन. त्यासाठी मला मानधन नको. फक्त या वर्षी सुरू करावं, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
टपाल खात्यातला एक निवृत्त सॉर्टर