शिकागोला जाताय? मग गलीना बघाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की मुलांकडे शिकागोला जाणाऱ्या आई-वडिलांची लगबग सुरू होते. शिकागोतल्या इमारती आणि नायगारा बघून बहुतेक जण परततात. इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं गलीना राहून जातं, म्हणून हे पत्र.

मोटारीने साधारण तीन तास लागतात. रॉकफर्डनंतर रस्ता क्र. 20 धरायचा. आता तिथे प्रवासी रेल्वे जात नाही. वाटेत एलिझाबेथ गावी 1832 च्या ब्लॅक हॉक युद्धातली (गोरे वसाहतकरी आणि सॉक नेता ब्लॅक हॉक यांच्यातली लढाई) ॲपल रिव्हर गढी पुन्हा उभारली आहे. तिथे थांबावंच. या भागातल्या शिशाच्या खाणी आधी सॉक आणि मेस्क्वाकी हे इथले मूलनिवासी लोक चालवत होते, हे ध्यानात ठेवलं तर पुढचं गाव नीट कळतं.

गलीना हे शिशाच्या खनिजाचंच नाव. गावातल्या संग्रहालयात ते बघा: करड्या, चकचकीत, फाशासारख्या चौकोनी स्फटिकांचं आणि आकाराच्या मानाने फारच जड. याच इमारतीखाली खाणीचं जुनं विवर सापडलं, तेही दाखवतात. शिसं वितळवायला डोंगरावरची झाडं तुटली, माती नदीत उतरली आणि जिथे आगबोटी लागत, ती नदी गाळाने भरली. 1854 मध्ये रेल्वे आली आणि बंदराचा उरलासुरला धंदाही गेला. जुनं पाडून नवं बांधायला गावाकडे पैसाच उरला नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकातली विटांची पेठ जशीच्या तशी राहिली. मेन स्ट्रीटच्या तोंडाशी पूर अडवायचे भलेथोरले दरवाजे आहेत, तेही या नदीपायीच.

नदीपलीकडे, चढावर, अमेरिकेच्या यादवी युद्धातले उत्तरेचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल ग्रँट यांचं घर आहे. युद्ध जिंकून आल्यावर ऑगस्ट 1865 मध्ये गावकऱ्यांनी ते त्यांना भेट दिलं. आतलं बरंच सामान मूळचंच. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर जगप्रवासात ते फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईत उतरले होते आणि त्याच वर्षी गलीनाला परतले. घर मार्गदर्शकाबरोबरच बघायचं असतं, त्यामुळे सकाळी पहिलं तेच उरका. सोमवार-मंगळवार टाळा, निघण्यापूर्वी वेळा तपासा.

टपाल कचेरीवरून लोक तशीच पुढे जातात, याचं वाईट वाटतं. 1859 मध्ये पुरी झालेली ही दगडी इमारत सेनेका या मूलनिवासी जमातीचे अभियंता ईली पार्कर यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. यादवी युद्धाच्या शेवटी ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचं सैन्य ग्रँटना शरण आलं, तेव्हा त्या शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत ज्यांनी लिहिली, ते हेच पार्कर. जवळच 1855 चं डिसोटो हाउस हॉटेल आणि 1826 चं दगडी डाउलिंग हाउस आहे.

आता गुडघ्यांविषयी. गाव टेकडीच्या उतारावर आहे. मेन स्ट्रीटवरून बेंच स्ट्रीटला आणि त्याहून वर जायला पायऱ्या आहेत, सर्वांत लांब जिना दोनशेच्या आसपास पायऱ्यांचा. ज्यांना चढ झेपत नाही, त्यांना मोटारीने वर सोडावं आणि त्यांनी पायऱ्या फक्त उतरायच्या. मोटार मेन स्ट्रीटवर नेऊ नका, जागा मिळत नाही. नदीपलीकडे जुन्या रेल्वे स्टेशनजवळ लावा आणि पादचारी पुलावरून पेठेत या. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी पानांचे रंग बघायला गर्दी लोटते, तेव्हा मुक्काम आधीच ठरवा. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ धरतो, तेव्हा ज्येष्ठांना नेऊ नये.

आपले,
शिकागो परिसरातील काही मराठी वाचक