गैरसमज उभा करणारी वस्तू

महोदय,

आपल्या एकांकिकांत नवरा-बायकोतला संशय बहुधा अर्धवट ऐकलेल्या फोनवर उभा असतो. कुणी एक साधा प्रश्न विचारला की सगळा डोलारा कोसळतो. नागपुरातल्या नव्या लेखकांनी ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेचा मार्च १९९० मधला बोलिंगचा (जड चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या खेळाचा) भाग पाहावा. त्यातला होमर बायकोला, मार्जला, वाढदिवसाला बोलिंगचा चेंडू देतो; भोकं त्याच्याच बोटांच्या मापाची, वर नावही त्याचंच! ती चिडून खेळायला जाते आणि तिथे तिच्यावर भाळणारा बोलिंग-शिक्षक जाक भेटतो. पुढे त्याने दिलेला, मार्जचं नाव असलेला हातमोजा होमरच्या हाती लागतो. तो जाब विचारत नाही, तिच्या सँडविचचं अडखळत कौतुक करतो. चेंडू आणि हातमोजा, एवढ्यावर २२-२३ मिनिटं निभतात. मात्र अशी वस्तू सुरुवातीलाच दाखवावी. ऐन शेवटी काढली तर ती लेखकाची सोय वाटते.

– एक नाट्यप्रेमी, धरमपेठ, नागपूर